ताटातला पाला कामाला लावा: तेलकट-गोड जेवण, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि आपल्या पालेभाज्या

जेवणं उरकल्यावर कधी ताटांच्या कडा बघितल्यात का? पोह्यातला, आमटीतला, कढीतला कढीपत्ता सगळा कडेला ओळीने लावलेला असतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्याच घरात कोणीतरी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या नाहीतर मोरिंगा कॅप्सूल मागवत असतं, आणि मोरिंगा म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपला परसातला शेवगा. मी फूड सायन्स शिकलेय आणि गेली वीस वर्षं घरचा स्वयंपाकही करतेय, त्यामुळे कुठल्या पानात काय असतं आणि ते बाजारातून ताटात येईपर्यंत कुठे कुठे सांडतं हे दोन्ही मला दिसतं. तेच आज नीट सांगते, थोडं लांबेल.

आधी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे काय ते

घरात फरसाणाचा डबा उघडा राहिला की चार दिवसांत शेव खवट होते. ते काय असतं, तर तेलावर हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम. अगदी तसंच आपल्या शरीरातल्या चरबीचंही होतं, पेशींच्या पापुद्र्यातल्या आणि रक्तात फिरणाऱ्या एलडीएलमधल्या, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात त्यातल्या सुद्धा. आपण श्वास घेतो, अन्न पेशींमध्ये जळतं, त्यात ठिणग्या उडाव्यात तसे काही अतिचपळ रेणू तयार होतात, त्यांनाच फ्री रॅडिकल म्हणतात, आणि त्यांना आवरणारी द्रव्यं म्हणजे अँटिऑक्सिडंट. शरीराची स्वतःची यंत्रणा आहे ते आवरायला, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज अशी एन्झाइम्स दिवसरात्र तेच काम करतात. ठिणग्या जास्त आणि आवरणारे कमी पडले की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं, १९८५ साली हेल्मुट सीस या जर्मन शास्त्रज्ञाने हा शब्द रूढ केला.

आता जेवणाशी याचा संबंध काय? पुरी-श्रीखंड किंवा वडापाव आणि वर कोल्ड्रिंक असं जेवण झालं की पुढचे काही तास रक्तात साखर आणि चरबी दोन्ही एकदम चढतात, पेशींवर जाळण्याचा लोड येतो आणि ठिणग्या वाढतात. म्हणजे हा ताण फक्त म्हातारपणी येणारा नाहीये, तो रोज जेवणानंतर थोडा थोडा येतो आणि जातो, आणि दिवसात चार वेळा असंच खाल्लं तर तो जायला वेळच मिळत नाही. त्यात पोटाचंही आहे. मटणातलं लोह, तळणीचं तेल आणि जठरातलं आम्ल एकत्र आलं की तिथेच, पोटात, तेल खवट व्हायला सुरुवात होते. आणि त्याच वेळी पोटात पानांमधली पॉलिफेनॉल्स नावाची अँटिऑक्सिडंट द्रव्यं आणि सी व्हिटॅमिन हजर असतील तर हा खवटपणा बराच रोखला जातो.

म्हणून माझं सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे, की पाला त्याच जेवणात खा. सकाळी उपाशीपोटी हिरवा ज्यूस आणि दुपारी भजी, असं केलं तर पोटातल्या त्या कामाला तो ज्यूस हजरच नसतो.

पानं नक्की काय करतात

एक म्हणजे वर सांगितलं ते, पोटातच सरळ काम. दुसरं, कॅरोटिन (ज्यापासून शरीर ए व्हिटॅमिन बनवतं ते) आणि ई व्हिटॅमिन रक्तात जाऊन चरबीच्या कणांमध्येच बसतात आणि तिथे राखण करतात. तिसरं मला सगळ्यात आवडतं. पानांमधली क्वेर्सेटिनसारखी द्रव्यं रक्तात तशी फार कमी पोचतात, लिव्हर त्यांना परकं समजून लगेच बाहेर काढायला लागतं, पण तेवढ्या किंचित धक्क्यानेसुद्धा पेशीतला एनआरएफ-टू नावाचा एक स्विच चालू होतो आणि शरीर आपली स्वतःची एन्झाइम्स जास्त बनवायला लागतं. म्हणजे पानं स्वतः लढतात त्यापेक्षा आपल्या घरच्या राखणदारांना उठवून कामाला लावतात. आणि राखणदार रोज उठवावे लागतात, महिन्यातून एकदा ढीगभर पालक खाऊन ते होत नाही.

पुरावा विचाराल तर उंदरांवरचे अभ्यास पोत्याने आहेत, माणसांवरचे कमी. त्यातला एक आपल्या देशातला आणि आपल्या भाज्यांचा आहे. पंजाब कृषी विद्यापीठातल्या संशोधकांचा हा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. पाळी गेलेल्या ९० बायकांचे तीन गट केले, एका गटाला रोज ७ ग्रॅम शेवग्याच्या पाल्याची पूड, दुसऱ्याला ९ ग्रॅम राजगिऱ्याच्या कुळातल्या माठाच्या पानांची पूड, तिसऱ्याला काहीच नाही, असं तीन महिने. मॅलॉनडायअल्डिहाइड म्हणजे शरीरातल्या खवटपणाची खूण, ती शेवग्याच्या गटात साधारण १६ टक्के आणि माठाच्या गटात साधारण १० टक्के उतरली, आणि वर सांगितलेली एन्झाइम्स वाढली. अभ्यास छोटा आहे, त्यावरून हार्ट अटॅक टळतो वगैरे कोणी म्हणू नये, पण ७ ग्रॅम म्हणजे जेमतेम दोन-तीन चमचे पूड, एवढ्याने इतका फरक दिसला हे मला मोठं वाटतं.

आणि गोळ्यांचं काय? फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली, त्यातल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिनची गोळी दिली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मधेच थांबवावी लागली. तेच कॅरोटिन पानातून आलं की त्याच्यासोबत शेकडो इतर द्रव्यं, फायबर, सगळं थोडं थोडं येतं. त्यामुळे गोळ्या, विशेषतः तंबाखू किंवा सिगरेट असलेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पाकिटांवर अँटिऑक्सिडंटचा मोठा आकडा छापलेला असतो त्यालाही भुलू नका, टेस्ट ट्यूबमधला आकडा शरीरात तसाच चालत नाही, म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपला तसला तक्ता वेबसाइटवरून काढून टाकला.

पायरी १: किती आणि कुठला पाला

रोज माणशी १०० ग्रॅम निवडलेला कच्चा पाला धरा. एकदा घरच्या काट्यावर मोजून बघा म्हणजे अंदाज येतो, दोन मोठ्या ओंजळी होतात आणि शिजल्यावर जेमतेम अर्धी वाटी उरते. त्यामुळे चार माणसांना एक जुडी पुरत नाही, इथेच बहुतेक घरांचं गणित चुकतं.

कुठला, तर एकच नको. शेवग्याचा पाला मी पहिल्या नंबरवर ठेवते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात सी व्हिटॅमिन शंभर मिलिग्रॅमच्या वर दिलंय, पालकात साधारण ३०, आणि बीटा कॅरोटिन तर पालकाच्या कित्येक पट. लाल माठाचा तो लाल रंग म्हणजेसुद्धा अँटिऑक्सिडंटच, आणि तो पाण्यात विरघळतो, म्हणून माठाचं लाल पाणी भाजीतच आटवा. मेथी, चाकवत, करडई, अंबाडी, हरभऱ्याचा कोवळा पाला, शेपू, जे हंगामात येतं ते. मुळ्याचा आणि बीटाचा पाला भाजीवाल्या मावशी मोडून खाली टाकतात, तो मागून घ्या, फुकट मिळतो. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, घोळ. घोळीच्या गुबगुबीत पानांत ओमेगा-३ असतं, जे पानांमध्ये एवढं क्वचितच सापडतं. फक्त रानभाज्या ओळखणाऱ्या बाईकडूनच घ्या, फोटो बघून स्वतः खुडायला जाऊ नका.

पायरी २: आणणं आणि ठेवणं

पान खुडलं की सी व्हिटॅमिन कमी व्हायला लागतं, आणि उकाड्यात बाहेर पडलेल्या पालकातून दोन-तीन दिवसांत बहुतेक सगळं जातं. म्हणून सकाळी लवकर, मुळासकट जुडी घ्या. घरी आल्यावर धुवून ठेवू नका, ओल्या पानांना लगेच चिकटा येतो. सडलेली पानं काढायची, रबर सोडायचं, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. वर्तमानपत्रात नको, शाईतली घाण पानांना लागते.

मुंबईत रेल्वे रुळांच्या कडेला गटाराच्या पाण्यावर वाढलेला पालक आपण सगळ्यांनी बघितलाय. त्यात शिसं, कॅडमियम पानाच्या आत जाऊ शकतं आणि ते मिठाच्या पाण्याने काय, कशानेच धुतलं जात नाही. त्यामुळे रोजचा भाजीवाला एक धरा आणि माल कुठून येतो ते सरळ विचारा. जुन्नर, नाशिक, वसई असं काही नीट उत्तर देणारा बरा.

पायरी ३: आधी धुणं, मग चिरणं

हे उलटं करणारी घरं खूप आहेत. चिरलेली भाजी पाण्यात बुडवली की जे विरघळतं ते सगळं मोरीत. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, अख्खी पानं बुडवा, हलवा, दोन मिनिटं थांबा, माती तळाशी बसते. मग पानं हाताने वर उचलून घ्यायची, पातेलं ओतायचं नाही, ओतलं की तीच माती परत पानांवर बसते. असं तीन पाण्यांत, तिसऱ्या पाण्याच्या तळाला बोट फिरवून बघा, कचकच लागली तर चौथं पाणी. चिरायचं अगदी फोडणी टाकायच्या वेळी, रात्री चिरून डब्यात भरून ठेवलं तर कापलेल्या कडांवर एन्झाइम मोकळं होऊन सी व्हिटॅमिन खात बसतं. नोकरीची घाई असेल तर रात्री नुसतं निवडून ठेवा, चिरणं सकाळी, पाच मिनिटांचंच काम आहे.

शेवग्याचा पाला निवडायचा कंटाळा सगळ्यांना येतो, त्याची युक्ती सासूबाईंनी शिकवली मला. फांद्या कोरड्या फडक्यात घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवायच्या, सकाळी फडकं उघडून फांदी झटकली की बारीक पानं आपोआप गळून पडतात, काड्या हातात राहतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ती जादूच वाटली होती.

पायरी ४: शिजवणं

कढई तापली की दोन चमचे तेल, ठेचलेला भरपूर लसूण, हिरवी मिरची, लसूण बदामी झाला की भिजवलेली मूगडाळ मूठभर, ती अर्धी शिजली की पाला. पाणी फक्त शिंपडायचं. झाकण पहिलं एखादं मिनिट अजिबात ठेवू नका, पानांतली आम्लं वाफेबरोबर निघून जाऊ देत, नाहीतर तीच आम्लं हिरव्या रंगाला शेवाळी करतात. पाला खाली बसला की झालं, पाच-सात मिनिटं पुरतात, जून पाला असेल तर दहा. खोबरं घाला, गॅस बंद करा आणि मग लिंबू पिळा. लिंबू आधी पिळलं तर रंगही जातो आणि लिंबातलं सी व्हिटॅमिनही उष्णतेने कमी होतं. हिरवा रंग टिकवायला सोडा घालणारे आहेत, सोडा घातला की सी व्हिटॅमिन आणि काही बी व्हिटॅमिन्स भराभर नाहीशी होतात, तेव्हा नकोच.

तेल दोन चमचे घातलं म्हणून घाबरू नका. कॅरोटिन तेलात विरघळतं, तेलाशिवाय ते आतड्यातून शरीरात फारसं जात नाही. आणि शिजवल्याने, वाटल्याने पानांच्या पेशी फुटून कॅरोटिन उलट जास्त मिळतं. सी व्हिटॅमिनचं मात्र याच्या उलट, म्हणून थोडं शिजवलेलं आणि थोडं कच्चं असं दोन्ही हवं. कच्च्यासाठी खानदेश-विदर्भाकडचा घोळाणा करा, कोवळी मेथी किंवा हरभऱ्याचा पाला बारीक चिरून, त्यात कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. भाकरीबरोबर याला तोड नाही.

अळू मात्र कच्चं कधीच नाही, त्यातले सुईसारखे ऑक्झलेटचे कण घशाला टोचतात, म्हणून चिंच किंवा आमसूल घालून पूर्ण शिजवायचं.

पायरी ५: कढीपत्ता पोटात जाईल असं करा

मोठी पानं तोंडात येतात म्हणून लोक काढून टाकतात, मग ती तोंडात जाणवणारच नाहीत असं करायचं. कढीपत्त्याची दोन वाट्या पानं धुवून फडक्यावर पूर्ण कोरडी करा. चमचाभर तेलावर मंद आचेवर परता, सळसळ असा कुरकुरीत आवाज यायला लागला की काढा, काळी होऊ देऊ नका. त्याच कढईत दोन चमचे तीळ, तीन चमचे किसलेलं सुकं खोबरं, चार सुक्या मिरच्या, चिंचेचं बुटुक भाजून घ्या, सगळं मीठ घालून जाडसर वाटा. दोन आठवडे टिकते. रोज जेवताना दोन चमचे. कढीपत्त्यात महानिंबिनसारखी कार्बाझोल अल्कलॉइड्स नावाची अँटिऑक्सिडंट द्रव्यं असतात, ती दुसऱ्या पालेभाज्यांत सापडत नाहीत. फोडणीत घालायचा असेल तर हाताने बारीक कुस्करून घाला म्हणजे निवडून काढायला कोणाला जमणारच नाही.

पायरी ६: तेलाकडे बघा, नाहीतर पाला कमी पडेल

दिवाळीच्या तळणीचं तेल पंधरा दिवस वापरायचं आणि वर पालक खायचा, तर पालक तरी किती पुरा पडणार? पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात खवटपणाचे पदार्थ आधीच तयार असतात. एफएसएसएआय या आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने १ जुलै २०१८ पासून टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल खराब होताना तयार होणारे पदार्थ, २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायला बंदी केली ती याचसाठी. घरी हे मोजता येत नाही, पण तेल काळपट, चिकट झालं, टाकल्या टाकल्या फेस आला, लवकर धूर निघाला तर ते टाकाच. तळलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, परत तळायला नको. आणि तेलाची पारदर्शक बाटली गॅसशेजारी उजेडात ठेवू नका, बंद स्टीलच्या डब्यात अंधाऱ्या फडताळात ठेवा.

जेवल्या जेवल्या चहाही नको, चहातली टॅनिन्स पानांतलं लोह धरून ठेवतात. तासाभराने घ्या.

पायरी ७: पूड करायची असेल तर

परदेशात राहणाऱ्यांना किंवा हॉस्टेलवरच्या मुलांना ताजा शेवगा कुठला मिळायला, त्यांच्यासाठी पूड चांगली. पानं धुवून सावलीत, हवेशीर जागी, पातळ पसरून वाळवा, तीन-चार दिवस, उन्हात टाकली तर कॅरोटिन उडतं. चुरचुरीत झाली की दळून काळ्या किंवा स्टीलच्या डब्यात घट्ट भरा. सी व्हिटॅमिन यात फारसं उरत नाही, पण कॅरोटिन बऱ्यापैकी, आणि लोह, कॅल्शियम चांगलं राहतं. थालीपिठाच्या भाजणीत, वरणात, रोज एक-दोन चमचे.

कोणी जपून खायचं

मुतखडा होऊन गेलाय त्यांनी पालक, माठ, राजगिरा, अळू, चुका, घोळ कमी करा, यांत ऑक्झलेट भरपूर, आणि बहुतेक मुतखडे त्याचेच बनतात. मेथी आणि शेवगा त्यामानाने बरे. खायचंच तर उकडून पाणी टाकून द्या, आणि त्याच जेवणात दही किंवा ताक घ्या म्हणजे कॅल्शियम ते ऑक्झलेट पोटातच बांधून टाकतं. रोज ग्लासभर कच्च्या पालकाचा ज्यूस तर कोणीच पिऊ नका, त्याने किडनी बिघडल्याच्या केसेस वैद्यकीय मासिकांत नोंदल्या गेल्यात.

रक्त पातळ करायला वॉरफरिन चालू असेल तर पानांतलं के व्हिटॅमिन त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. पाला बंद करायचा नाही, पण एक आठवडा भरपूर आणि एक आठवडा शून्य असंही करायचं नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. किडनीचा आजार असेल तर पोटॅशियमचा प्रश्न येतो, तिथे आहारतज्ज्ञांना विचारूनच. शुगरच्या गोळ्या चालू असताना शेवग्याची किंवा मेथीची पूड सुरू केली तर शुगर मोजत राहा. आणि गरोदरपणात शेवग्याचा पाला भाजी म्हणून ठीक, साल-मूळ अजिबात नाही.

फरक कसा कळणार

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची टेस्ट करून घ्या असं मी सांगणार नाही, पैसे जातात आणि एका आकड्यावरून काही ठरत नाही. नेहमीचं लिपिड प्रोफाइल आणि तीन महिन्यांची शुगर पुरते. आमच्या ह्यांचे ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, २४० होते, सहा महिन्यांनी १७० वर आले, पण त्यात संध्याकाळचं फरसाण बंद केलं आणि रोज चालायला लागले त्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय एकट्या पाल्याला देणं खरं नाही होणार.

आमच्याकडे आठवडा कसा जातो तेही सांगते. सोमवारी मेथी, मंगळवारी लाल माठ, बुधवारी डाळ घालून चाकवत किंवा अंबाडी, गुरुवारी उरलेल्या भाजीचं थालीपीठ. भाजी उरली की गार होऊन लगेच फ्रीजमध्ये, रात्रभर ओट्यावर नाही, कारण पानांतल्या नायट्रेटचं जंतू नायट्राइट करतात, आणि ते जास्त झालं तर अपायकारक. शुक्रवारी मुळ्याचा पाला, शनिवारी शेपू, आणि रविवारी मटण असतं तेव्हा कोथिंबीर-पुदिन्याची वाटीभर चटणी आणि घोळाणा त्याच ताटात. कढीपत्त्याची चटणी रोजच. आणि शेवगा मिळेल त्या दिवशी बाकी सगळं पुढे ढकलायचं, रात्री फांद्या फडक्यात बांधून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवायच्या, सकाळी झटकायच्या.